मूल देणार कोण?

दत्तकविधान आणि निराधार बालकांचे कल्याण या अभ्यासक्षेत्रात पहिल्यांदा पाऊल टाकताना आपण वकिलीतून आला असाल, समाजकार्यातून किंवा इतिहासातून. एक प्रश्न मात्र सोबत ठेवा. ज्याचे आईबाप ठाऊकच नाहीत, ते मूल दत्तक देणार कोण?

जुन्या हिंदू कायद्यात मूल देण्याचा अधिकार फक्त आईबापांना होता. घ्यायचा तोही मुलगाच. पिंडदानासाठी, वतनासाठी, गादीसाठी. १८४८ मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याचा दत्तक नामंजूर केला, तो वादही वारसाचाच. टाकून दिलेली अर्भके या कायद्याच्या खिजगणतीत नव्हती. त्यांना जगवले ते समाजसुधारकांनी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १८७५ मध्ये पंढरपुरातही तसा आश्रम उभा राहिला.

आसरा मिळाला, तरी हक्काचे घर मिळायला फार वर्षे गेली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलींना दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. टाकलेल्या किंवा आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देण्याचा अधिकार पालनकर्त्याला मिळाला, तो मात्र १९६२ च्या दुरुस्तीने. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांच्या वाट्याला १८९० च्या कायद्याखालचे पालकत्व तेवढे येई, आणि मूल सज्ञान झाले की तेही संपे. बाल न्याय कायद्याने सर्वधर्मीयांसाठी दार उघडले. २०१४ च्या शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

आज सापडलेले मूल २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आणावे लागते. ते कुठे, किती वाजता सापडले, वजन किती होते, कशात गुंडाळले होते, हे सारे लिहून घेतले जाते. ही नोंद नीट करायला शिका. पुढे तेच मूल मोठे होऊन आपला माग काढत येते, तेव्हा संस्थेजवळ त्याला द्यायला अनेकदा तेवढेच असते.

मुदतीही बारकाईने वाचा. आईने स्वतः मूल सोपवले, तर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. मूल सापडलेले असेल, तर पालकांचा शोध घेऊन ते दत्तकासाठी मुक्त असल्याचे समिती जाहीर करते. त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दोन महिने, त्याहून मोठ्याला चार महिन्यांची मर्यादा आहे. हे दिवस जन्मदात्यांच्या हक्काचे आहेत, आणि बाळाच्या कोवळ्या वयातून वजा होणारेही. या ओढाताणीतूनच या क्षेत्रातले बहुतेक वाद निघतात. दत्तकाचा हुकूम न्यायालयाने द्यावा की बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांनी, हा वादही त्यांपैकीच.

देणाऱ्याची जागा आता समाजाने घेतली आहे. मग निवडले जात नाही त्या मुलाचीही जबाबदारी समाजाचीच: वयाने मोठ्या झालेल्याची, अपंग किंवा आजारी असलेल्याची, भावंडाचा हात न सोडणाऱ्याची. त्याहीआधीची समाजाची जबाबदारी आईप्रती आहे. केवळ गरिबीपायी तिला मूल सोपवावे लागू नये, म्हणून बालसंगोपन योजनेसारखी मदत तिच्या दारी वेळेत पोचली पाहिजे. दत्तकविधानाच्या अभ्यासकाने त्या दारापर्यंतही जावे, अशी आमची अपेक्षा आहे.