खेळाचे यजमान

इ. स. १८५६ साली मुंबईची आगगाडी खोपोलीपर्यंत येऊन थांबली व १८५८ साली पुण्याची गाडी खंडाळ्यापर्यंत धावू लागली; परंतु मध्ये बोरघाट उभा होता. १८६३ च्या एप्रिलात घाटातील लोहमार्ग खुला होईपर्यंत उतारूंनी खोपोलीस उतरावे, पालखीतून, तट्टावरून अथवा पायी घाट चढावा आणि खंडाळ्यास दुसरी गाडी धरावी, असा क्रम चालला होता. निरोप पोचण्यास विलंब का लागतो, हे मावळातील माणसास निराळे सांगावयास नको. आज तोच निरोप प्रकाशतंतूतून सेकंदास सुमारे २,००,००० किलोमीटर वेगाने धावतो. लोणावळ्यापासून मुंबईपर्यंतचे रेल्वेचे १२८ किलोमीटर अंतर त्या वेगाने तोडावयास सेकंदाचा हजारावा हिस्साही लागत नाही. असे असता आमच्या घरची तरुण मंडळी रात्री व्हिडिओ गेम खेळताना ‘लॅग आला’ म्हणून कपाळास हात का लावतात, ह्याचे आम्हांस कुतूहल वाटले. त्याचा शोध घेता घेता जो इतिहास हाती आला, तो लॅगपेक्षा अधिक मनोरंजक निघाला.

ज्या खेळात निरनिराळ्या गावी बसलेली माणसे एकाच रणांगणावर उतरतात, त्यात आधी गोळी कोणाची सुटली आणि पडला कोण, ह्याचा निवाडा कोठे तरी व्हावाच लागतो. १९९३ च्या ‘डूम’ ह्या खेळात असा पंचच नव्हता. प्रत्येक यंत्र इतर प्रत्येकाच्या निरोपाची वाट पाही, आणि जे सर्वांत मंद त्याच्या चालीने सर्वांस चालावे लागे. गडीही चारांहून अधिक घेता येत नसत. त्याच कंपनीने १९९६ साली ‘क्वेक’ काढला, तेव्हा निवाड्याचे काम सर्व्हरकडे दिले. हा सर्व्हर खेळणाऱ्यांपैकी एकाच्या यंत्रावर चालविता येई, किंवा स्वतः न खेळणाऱ्या, केवळ ह्याच कामास वाहिलेल्या यंत्रावर. त्यास ‘डेडिकेटेड’ म्हणतात. देवास फूल वाहावे तसेच हे यंत्र खेळास वाहिलेले असते. मर्माची गोष्ट ही, की सर्व्हर चालविण्याचा प्रोग्राम कंपनीने गिऱ्हाइकांच्याच हाती दिला होता. पुढे ‘हाफ-लाइफ’ ह्या खेळावर दोघा हौशी तरुणांनी १९९९ साली ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला, तोही ह्याच वाटेने जगभर पसरला आणि पुण्यामुंबईच्या सायबर कॅफेंतून एका पिढीची संध्याकाळ त्याने खाल्ली.

वाहिलेला सर्व्हर नसला म्हणजे काय होते? खेळणाऱ्यांपैकीच एक जण यजमान होतो. त्याच्या स्वतःच्या निरोपास प्रवास करावा लागत नाही. इतरांची गोळी वाटेत असताना त्याची लागलेली असते. आळीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याचा पहिला डाव, आणि तो बाद झाल्यास ‘नव्हतोच बाद’ म्हणण्याचा हक्कही त्याचाच. तशातला हा प्रकार. शिवाय यजमान लोणावळ्याचा असून आषाढात वीज गेली, तर सर्वांचाच खेळ जागच्या जागी थिजावयाचा आणि नवा यजमान शोधावा लागावयाचा.

ही अवस्था मागे पडली असे वाटत असतानाच २००९ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेतील ‘मॉडर्न वॉरफेअर २’ संगणकावर आला, तो वाहिलेल्या सर्व्हरांस रजा देऊन. गडी जमविण्याचे काम कंपनीची व्यवस्था परस्पर करील, सामान्य माणसास सर्व्हर हुडकीत बसावे लागणार नाही, हे तिचे समर्थन सर्वस्वी पोकळ नव्हते. परंतु आपापले सर्व्हर चालविणाऱ्या मंडळींचे नियम, नकाशे, ओळखीपाळखी ह्या सर्वांवर त्याने पाणी पडले. निषेधाच्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या. खेळ बाहेर पडला त्या दिवशी बहिष्काराच्या मंडळातील सभासदांची यादी कोणी पाहिली, तो त्यांतील बहुतेक तोच खेळ खेळत बसलेले! उत्तर अमेरिका व ब्रिटन ह्यांत पहिल्या चोवीस तासांत ४७ लाख प्रती खपल्या. बहिष्कार तडीस नेणे किती कठीण, हे आमच्या देशास ठाऊक आहे; म्हणून त्या मुलांस आम्ही हसत नाही. पुढल्या वर्षीच्या खेळात सर्व्हर परत आले, पण एकाच ठेकेदाराकडून भाड्याने घ्यावयाचे.

इकडे आपल्यास अंतराची निराळी अडचण होती. सर्व्हर सिंगापुरास असला, तर मुंबईहून सुमारे ३,९०० किलोमीटर जाऊन परत येण्यास प्रकाशासही सेकंदाचे ३९ सहस्रांश लागतात, आणि समुद्रातील तारा काही सरळ रेषेत जात नाहीत. २०१६ च्या जूनात अ‍ॅमेझॉनची यंत्रागारे मुंबईत उघडली, २०२० साली ‘व्हॅलोरंट’चे सर्व्हर तेथे आले, आणि घाटाखालीच पंच येऊन बसला. विलंबाचे दुखणे बरेच हटले; परंतु हा पंच मालकाचा नोकर. ‘पबजी मोबाइल’वर २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने बंदी घातली व ३० ऑक्टोबरास कंपनीने येथील सेवा थांबविली, तेव्हा वडगाव-कामशेतच्या मुलांपाशी स्वतःचे म्हणावे असे एकही मैदान उरले नाही. बंदी योग्य की अयोग्य हा वाद आम्ही येथे काढीत नाही. कंपनीने आपण होऊन दार लावले तरी फळ तेच मिळते. २०१४ साली निघालेला मोटारींच्या शर्यतींचा ‘द क्रू’ हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच विकत घेतलेल्यांनाही खेळता येईना. त्यावरून उठलेल्या चळवळीच्या अर्जावर युरोपात जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. त्यांचे मागणे एवढेच, की दुकान मोडताना खेळ खेळण्याजोग्या स्थितीत सोडून जा. ‘क्वेक’ला असे मागणे कधी करावे लागले नाही, त्याचे सर्व्हर हौशी लोक आजही चालवितात.

गेल्या आषाढात आमच्याकडे तीन दिवस इंटरनेट बंद होते. मुलांनी माजघरातील जुना संगणक इन्व्हर्टरवर लावला, त्यावर ‘काउंटर-स्ट्राइक’चा सर्व्हर चढविला, आणि ओसरीपर्यंत तारा ओढून शेजारची चार मुले बोलावून आणली. रात्री दीड वाजता दिवे मालवा म्हणून आम्हांस ओरडावे लागले. लॅगची तक्रार मात्र कोणी केली नाही.