मोती, चेक आणि तीस दिवस

फेब्रुवारी २००९. एचआरच्या बाईंनी खुर्ची पुढे करून पाणी विचारलं, तेव्हाच कळलं की आपला नंबर लागला! दुबईत इमारतींच्या एसीचं डिझाईन करणारा मी इंजिनिअर. इमारतीच थांबल्यावर माझं काय काम? नखील या बड्या बिल्डर कंपनीने नोव्हेंबर २००८ मध्ये ५०० माणसं कमी केली, तेव्हापासून सगळीकडे हीच हवा होती.

आपल्याकडे नोकरी गेली तर माणूस घरी बसतो. इथे तीही सोय नाही, कारण व्हिसा नोकरीला बांधलेला. तो रद्द झाला की त्या वेळी ३० दिवसांत नवी नोकरी शोधायची, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. ग्रॅच्युइटी मिळाली, पण गाडीचं कर्ज बाकी होतं, म्हणून ती जमा होताच बँकेने खातं गोठवलं. घरमालकाकडे भाड्याचे पुढच्या तारखांचे दोन चेक होते. चेक वटला नाही तर तेव्हा थेट फौजदारी. म्हणजे राहायची परवानगी नाही आणि जायची भीती! विमानतळावर गाड्या टाकून पळालेल्यांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. आकड्यांवरून वाद झाले, भीती मात्र खरी होती.

बायको-मुलांना पुण्याला पाठवलं. रोज सकाळी अर्ज पाठवायचे, फोन करायचे, आणि दुपार खायला उठायची. अशाच एका दुपारी अल फहिदी किल्ल्यातल्या संग्रहालयात शिरलो. तिथे पाणबुड्यांची नाकाला लावायची चिमटी आणि मोती व्यापाऱ्यांच्या चाळण्या-तराजू मांडले होते.

तेलाआधी हा किनारा मोत्यांवर जगत होता. उन्हाळ्यात चारेक महिने बोटी समुद्रात असत. बोटीचा प्रमुख नाखुदा, म्हणजे आपला नाखवाच, मोसमाआधी पाणबुड्याला उचल देई. ऊसतोड कामगारांना मुकादम देतो ना, अगदी तशीच. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या बोटीवर जाता येत नसे; नव्या नाखुदाने जुनं कर्ज अंगावर घेतलं तरच सुटका. बाप गेला तर कर्ज मुलावर येई. हे वाचल्यावर मला आमची एनओसी आठवली. जुन्या मालकाची एनओसी नसेल तर सहा महिने नव्या नोकरीवर बंदी, असा नियम २०११ च्या सुरुवातीपर्यंत होता.

हे मोती मुंबईच्या बाजारात येत आणि तिथून पॅरिसपर्यंत जात. इथे चलनही आपला रुपयाच होता. मग १९२९ ची मंदी आली. श्रीमंतांनी दागिने घेणं थांबवलं, त्यात जपानच्या मिकिमोतोचे संवर्धित मोती बाजारात स्वस्तात आलेले. काही वर्षांतच धंदा बसला. पाणबुड्यांना तीस दिवसांची मुदत देणारंही कोणी नव्हतं. अबू धाबीत तेल सापडलं १९५८ मध्ये आणि निर्यात सुरू झाली १९६२ मध्ये! मधल्या काळात इथली माणसं बहारीन, कुवेत, सौदीत तेल कंपन्यांकडे मजुरीला गेली. आज आपण जिथे पोटासाठी येतो, तिथले लोक तेव्हा पोटासाठी परदेशी जात होते.

मला सव्विसाव्या दिवशी अबू धाबीत काम मिळालं, तेही एका मल्याळी फोरमनने टाकलेल्या शब्दामुळे. पगार पाव हिश्श्याने कमी. एनओसी मिळाली, बँकेने हप्ते लांबवून दिले. रोज जाऊन-येऊन अडीचशेच्या वर किलोमीटर.

नियम आता बरेच बदललेत. २०२२ पासून खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला तर सहसा फौजदारी होत नाही, व्हिसाची मुदतही वाढली. २०२३ पासून बेकारीचा विमा सक्तीचा आहे: मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिना ५ दिरहम भरायचे, आणि नोकरी गेली तर जास्तीत जास्त तीन महिने मूळ पगाराच्या ६० टक्के मिळतात, तेही १०,००० दिरहमच्या मर्यादेत.

गाडीचं कर्ज २०१२ मध्ये फिटलं. तारणाचा चेक परत घ्यायला बँकेत गेलो, तर काउंटरवरच्या मुलाने तो नुसता सरकवला आणि पुढचा टोकन नंबर पुकारला.