सेक्टरांच्या शहरातली सायकल

चंदीगडच्या रस्त्यांची प्रतवारी ‘सात व्ही’ या नावाने ओळखली जाते. बाहेरगावाहून येणारे हमरस्ते व्ही-१. मध्य मार्ग, जन मार्ग, दक्षिण मार्ग हे शहराचे मुख्य रस्ते व्ही-२. प्रत्येक सेक्टरला चहूबाजूंनी वेढणारे वेगवान वाहनांचे रस्ते व्ही-३, सेक्टरच्या पोटातून जाणारा बाजाराचा रस्ता व्ही-४, आत वळणे घेत फिरणारा व्ही-५, घराच्या दारापर्यंत पोहोचणारा व्ही-६ आणि हिरवळीच्या पट्ट्यांतून जाणारी वाट व्ही-७. ल कॉर्बुझिए यांनी मांडलेल्या या उतरंडीत सायकलीला पादचाऱ्यांच्या शेजारी, अगदी शेवटच्या पायरीवर जागा मिळाली. खास सायकलींची व्ही-८ ही श्रेणी मागाहून जोडली गेली. ज्या वाहनावर पुढची दोन-तीन दशके हे शहर चालले, ते यादीत सर्वांत शेवटी आले.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्याने भारतीय पंजाबला राजधानी उरली नव्हती. मुख्य अभियंता पी. एल. वर्मा आणि प्रशासक पी. एन. थापर यांनी शिवालिकच्या पायथ्याची जागा पक्की केली. पहिला आराखडा अमेरिकेतील अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांचा. पण १९५० च्या ऑगस्टमध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि पुढच्या वर्षी काम ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांच्याकडे आले. हाताखालच्या भारतीय चमूत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही नावेही होती. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी शहराचे उद्घाटन केले.

सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब. शाळा, दुकाने, दवाखाना, बाग सगळे आतच, म्हणजे रोजच्या गरजांपुरते पायी भागावे, ही कल्पना. ती बऱ्याच अंशी साधलीही. अडचण कचेरीची होती. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय शहराच्या उत्तर टोकाला, सेक्टर १ मध्ये. सरकारी घरांचे हुद्द्याप्रमाणे तेरा प्रकार पाडले होते. त्यांत मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान पहिले आणि शिपायाचे घर तेरावे. बड्या अधिकाऱ्यांचे बंगले उत्तरेकडच्या सेक्टरांत आले, कारकून आणि शिपाई दक्षिणेकडे गेले. जेन ड्रू यांच्या देखरेखीखाली सगळ्यात आधी वसलेल्या सेक्टर २२ मध्ये कमी पगाराच्या नोकरांची घरे होती, आणि तिथून सचिवालय चार-पाच किलोमीटरांवर. ज्याच्याकडे मोटार असायची त्याला कचेरी जवळ आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ती लांब, असा हा हिशेब होता. तो जुळवला सायकलीने. त्या काळच्या छायाचित्रांत रुंद, रिकामे रस्ते दिसतात, आणि त्यांवर दिसतात ते मुख्यतः सायकलस्वार.

सायकली येत होत्या हाकेच्या अंतरावरून. लुधियाना चंदीगडपासून शंभरेक किलोमीटर. फाळणीपूर्वी सायकली बहुतेक इंग्लंडहून यायच्या. देशातले मोठे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांतला हिंद सायकल्स मुंबईत वरळीला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि सुटे भाग बनवणाऱ्यांचे दिवस पालटले. १९५१ मध्ये लुधियान्यात एव्हॉन आणि सोनिपतला अ‍ॅटलस सुरू झाली. मुंजाल बंधू मूळचे आताच्या पाकिस्तानातल्या कमालियाचे. ते आधी अमृतसरला आले, तिथून लुधियान्याला. सुटे भाग विकता विकता ते बनवू लागले आणि १९५६ मध्ये त्यांनी हीरो सायकल्स उभी केली. होजियरी आणि शिवणयंत्रांच्या भागांमुळे या गावात लेथवर काम करणारे हात आधीपासून होते. पिढीजात सुतार-लोहार असलेल्या रामगढियांनी त्यांत भर घातली. एक घर फक्त पॅडल बनवी, दुसरे फक्त निपल, तिसरे मडगार्ड. १९५०-५१ मध्ये देशात जेमतेम लाखभर सायकली तयार होत होत्या. दहा वर्षांत हा आकडा दहा लाखांवर गेला. १९८६ मध्ये जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून हीरोचे नाव गिनीज बुकात आले.

चंदीगडच्या बाजारात दुकानांचीही प्रतवारी आहे: एससीओ म्हणजे खाली दुकान, वर कचेरी, एससीएफ म्हणजे वर घर, आणि सगळ्यांत लहान तो बूथ. सायकलवाल्याच्या वाट्याला बहुधा बूथ यायचा, नाहीतर झाडाची सावली. विकली जायची ती काळी, २८ इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची, वीस किलोंच्या आसपास वजनाची गाडी. कॅरिअरवर डबा, दांडीवर पोर, मागे गव्हाचे पोते, सगळे सोसणारी. खरे उत्पन्न मात्र विक्रीपेक्षा दुरुस्तीवर असायचे. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे, ती जागा कानसेने खरवडून सोल्यूशन लावायचे, ते जरा सुकू द्यायचे आणि मग ठिगळ दाबायचे. वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग: हब उघडून छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, झिजलेले बदलायचे, नवे ग्रीस भरून कोन बसवायचे. कोन घट्ट झाला तर चाक जड फिरते, सैल राहिला तर डुलते. मिस्त्रीचा खरा कस लागे तो चाकाचा आऊट काढताना. चाक फिरवून रिम कुठे घासते ते पाहायचे आणि त्या जागची एक तार पाव आटा कसायची, समोरची तेवढीच ढिली करायची. हे काम पुण्याच्या पेठेतला मेकॅनिक आणि सेक्टर २२ मधला मिस्त्री अगदी सारखेच करत. फरक एवढाच, की पुण्यात तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती आणि पोरेटोरे त्यांच्याच जिवावर सायकल शिकत.

करमणुकीची जागाही आराखड्यातच होती. १९५८ मध्ये पावसाळी नाला अडवून सुखना तलाव झाला आणि त्याच्या बांधावर मोटारींना मज्जाव असावा, असा आग्रह ल कॉर्बुझिए यांनी धरला. जानरे १९६५ पर्यंत या शहरात राहिले. सुखनासाठी पायांनी चालवायची होडी त्यांनी स्वतः घडवली होती, आणि मृत्यूनंतर त्यांच्या अस्थी याच तलावात सोडल्या गेल्या. त्याच चमूतले वास्तुविशारद आदित्य प्रकाश पुढे चंदीगड कॉलेज ऑफ आर्किटेक्चरचे प्राचार्य झाले. पायी चालणारा आणि सायकलवाला यांना मोटारींपासून स्वतंत्र वाट हवी, ही बाजू त्यांनी लेखांतून आणि रेखाटनांतून वर्षानुवर्षे लावून धरली. त्यांचे फारसे कुणी ऐकले नाही.

कारण तोवर हवा बदलली होती. पंजाबात हातात पैसा आला, आधी स्कूटर आली, १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली. १९८४ मध्ये मुंजालांनीच जपानी होंडाबरोबर मोटारसायकलींची कंपनी काढली. ज्या घराण्याने कारकुनाला सायकलीवर बसवले, त्याच घराण्याने त्याला तिच्यावरून उतरवले, असे म्हणायला हरकत नाही. रुंद रस्ते आणि मुबलक पार्किंग असलेले शहर मोटारीला जणू आंदणच मिळाले. दीड लाख लोकांसाठी आखलेला पहिला टप्पा आणि एकूण पाच लाखांचा अंदाज. २०११ च्या जनगणनेत चंदीगडची लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली होती आणि डोईमागे मोटारींच्या संख्येत हे शहर देशात आघाडीवर गणले जाऊ लागले. सायकल उरली ती शहराभोवतालच्या गावांतून आणि वस्त्यांतून कामाला येणाऱ्या गवंडी, माळी, पहारेकरी आणि मोलकरणींकडे. तिच्यावरून कामाला जाणे ही गरिबीची खूण ठरली.

सायकलीची दुसरी पाळी सुरू झाली ती २००५ च्या सुमारास, आणि तिचा रस्ता दुकानातून गेला. त्या वर्षी नोएडात फायरफॉक्स ही कंपनी निघाली. गिअरच्या, हलक्या, परदेशी बनावटीच्या सायकली तिने चकचकीत दालनांतून विकायला सुरुवात केली. अमेरिकी ट्रेकही तिच्यामार्फत आली. तैवानची जायंट पुण्याच्या स्टारकेन कंपनीने आणली. चंदीगडच्या सुखवस्तू सेक्टरांत अशा सायकलींना गिऱ्हाईक होते. पण वीस-तीस हजारांची सायकल घेऊन माणूस तिच्यावर जाणार कुठे, हा प्रश्न दुकानदारापुढे उभा राहिला. बाजारहाटाला तो मोटारच काढणार. न वापरलेली सायकल गॅलरीत धूळ खाते, आणि अशा सायकलीला ना टायर लागतो ना सर्व्हिसिंग. त्यामुळे रविवारी पहाटे गिऱ्हाइकांना एकत्र घेऊन निघणे हा दुकानाच्या धंद्याचाच भाग झाला. घोळक्याने सायकलीवर निघण्याची हौस तशी जुनी आहे. इंग्लंडमध्ये सायकलस्वारांचा टूरिंग क्लब १८७८ मध्येच निघाला होता, आणि मुंबईच्या पारशी तरुणांनी १९२३ मध्ये थेट जगप्रदक्षिणेला सायकली काढल्या होत्या. चंदीगडला ते वारे उशिरा लागले. पण लागल्यावर दुकानाभोवती जमलेल्या घोळक्यांतून पुढे ‘सायकलगिरी’सारखे स्वतंत्र गटही निघाले.

या फेऱ्यांचे शिष्टाचार ठरलेले आहेत. उजाडायच्या आत जमायचे; हेल्मेट आणि दिवा नसेल तर बरोबर घेत नाहीत. एक जाणता पुढे राहतो आणि एक अगदी मागे. मागच्याला ‘स्वीप’ म्हणतात. कुणाची चेन उतरली किंवा दम गेला तर त्याच्यापाशी थांबणे हे त्याचे काम. खड्डा दिसला की पुढचा हात खाली करून दाखवतो आणि ती खूण ओळीने मागे जाते. पुढच्याच्या आडोशाने चालवले की वाऱ्याचा विरोध बराच कमी होतो, म्हणून पुढे राहण्याची पाळी आळीपाळीने घेतली जाते. नवशिक्यांना सुखना आणि परत, जरा सरावलेल्यांना सिसवां धरण, तयार पायांना मोरनी. मोठी परीक्षा कसौलीची. चंदीगड समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरांच्या आसपास, कसौली अठराशेच्या वर. पिंजोर, कालका, परवाणू मागे टाकत सुमारे दीड हजार मीटर चढायचे. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरवणाऱ्या बोरघाटाच्या हे जवळजवळ तिप्पट. वर पोचल्यावर बन-समोसा खाण्याचा रिवाज आहे, आणि चढण पाहता तो गैर म्हणता येणार नाही. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे निघण्याची वेळ पुढे ढकलतात. मे-जूनमध्ये आठच्या आत परतावे लागते.

घोळक्यातले काही जण पुढे ब्रेव्हेकडे वळतात. पॅरिसच्या ओडॅक्स क्लबच्या नियमांनी चालणाऱ्या या फेऱ्यांत शर्यत नसते, मुदत असते: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. चारही एका हंगामात पूर्ण केल्या की ‘सुपर रँडोनर’. वाटेत गाडी बिघडली तर स्वतःच दुरुस्त करायची असल्याने दुकानातल्या मिस्त्रीकडे बसून पंक्चर काढायला आणि चेन जोडायला शिकणारे डॉक्टर आणि वकील दिसू लागले.

लुधियान्याने हा बदल हेरला. २०१५ मध्ये हीरो सायकल्सने फायरफॉक्स विकत घेतली. अ‍ॅटलसला मात्र तग धरता आला नाही. तिचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये नेमका ३ जूनला, जागतिक सायकलदिनीच, बंद पडला. त्याच वर्षी टाळेबंदीमुळे दुकानांतल्या सायकली संपल्या आणि पालिका जाग्या झाल्या. केंद्राच्या सायकलविषयक स्पर्धेत निवडल्या गेलेल्या अकरा शहरांत चंदीगडबरोबर नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. चंदीगडने ६१७ थांब्यांवर मिळून ५,००० भाड्याच्या सायकलींची योजना आखली आणि डिसेंबर २०२० पासून ती टप्प्याटप्प्याने रस्त्यावर आणली. सुटे भाग चोरीला जाणे आणि मोडतोड यांचा ताप तिलाही झाला.

मुख्य रस्त्यांना समांतर सायकल मार्ग आता शहरभर आहेत, आणि त्यांचा उपयोग कोण करते हे पाहण्यासारखे आहे. वेगाने जाणारे रविवारचे घोळके सहसा मोठ्या रस्त्यावरूनच जातात, कारण मार्ग प्रत्येक चौकाशी तुटतो आणि पहाटे रस्ता मोकळाच असतो. मार्गावर सकाळी सात ते नऊ या वेळात दिसतात ते कॅरिअरला डबा बांधून कामावर निघालेले लोक, म्हणजे सचिवालयाच्या कारकुनाचे खरे वारस. त्यांच्या सायकलीचा आऊट अजून झाडाखालचा मिस्त्रीच काढतो. दालनातल्या सर्व्हिसिंगचा दर त्यांना परवडत नाही.