नायट्रस: दवाखान्यातून विमानात, विमानातून कारमध्ये

मंडळी, ऑगस्ट २०२१ फुलसावंगीत कोणी विसरलेलं नाही. आपल्या गावच्या २४ वर्षांच्या वेल्डर पोरानं मारुती ८०० चं इंजिन बसवून हेलिकॉप्टर उभं केलं. चाचणीत पंखा तुटून डोक्याला लागला, अन् पोरगा गेला. डोकं होतं, हातात कला होती. सुरक्षित चाचणीची जागा तेवढी नव्हती.

आता पोट्टे सिनेमा पाहून जुन्या कारला नायट्रस लावायच्या गोष्टी करतात, म्हणून हा इतिहास.

हा वायू प्रीस्टलीनं १७७२ मध्ये बनवला. १८४४ मध्ये अमेरिकेत हॉरेस वेल्स यांनी तो दात काढताना वापरला. इंजिनात तो आला दुसऱ्या महायुद्धात. उंचावर हवा विरळ, इंजिनाचा दम जातो. जर्मनांनी 'जीएम-१' यंत्रणेतून इंजिनात द्रव नायट्रस सोडला. इंग्रजांनीही मॉस्किटो विमानांत तो वापरला. बरेच जण समजतात की हा वायू पेटतो. तो पेटत नाही. सुमारे ३०० अंशांवर फुटून ऑक्सिजन देतो. वजनानं हवेत ऑक्सिजन २३ टक्के, यात ३६. त्यामुळे जास्त पेट्रोल जाळता येतं. पण विमानातही हे टाकी पुरेल तेवढी मिनिटंच चालायचं.

युद्धानंतर अमेरिकेतल्या शर्यतवाल्यांनी ते कारमध्ये आणलं. खरी मेख इथं आहे. गॅस गेला आणि त्या मापात पेट्रोल गेलं नाही, तर उष्णता एकदम चढते आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून नीट किटमध्ये गॅसला एक व्हॉल्व्ह, पेट्रोलला दुसरा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय चालू न होणारा स्विच. पेट्रोलचा दाब पडताच गॅस तोडणारा दुसरा स्विच. स्पार्कचं टायमिंगही मागे घ्यावं लागतं. बाटलीत दाब ९०० ते १००० पीएसआय. ती घट्ट बांधलेली हवी, तिच्या सेफ्टी डिस्कची नळी गाडीबाहेर काढलेली हवी. थंडीत दाब वाढवायला गॅसकटरची ज्योत लावणं म्हणजे बॉम्बला काडी लावणं.

आणि हे सगळं बंद ट्रॅकवर. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ नोंदीबाहेरचे बदल चालणार नाहीत, असंच सांगितलं. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन्हीही होऊ शकतं.

कोणी गॅरेजवाला "लावून देतो ना भाऊ" म्हणाला, तर एवढंच विचारा: पेट्रोलचा दाब पडला तर गॅस कोण बंद करतं?