तीन बाइटांची चौकट

'शेख' हे नाव देवनागरीत लिहिलं तर संगणकाला नऊ बाइट लागतात, उर्दूत लिहिलं तर सहा. युटीएफ-८ पद्धतीत उर्दूचं अक्षर दोन बाइट घेतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी मात्रासुद्धा, तीन. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मला या हिशेबाची गंमत वाटली. पण ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये वेगळं सांगितलं नाही तर मजकुराचा रकाना बाइटांनीच मोजला जातो. तीस बाइटांचा रकाना म्हणजे देवनागरीची दहा चिन्हं. 'अब्दुल रहमान' एवढंही त्यात मावत नाही.

१९९१ साली भारतीय मानक ब्युरोने 'इस्की' ही संहिता प्रमाण केली. ब्राह्मीच्या लेकी एका कोष्टकात बसल्या, उजवीकडून चालणारी उर्दू बाहेर राहिली. त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत मात्र दोघींना एकाच यादीत जागा मिळाली. तरी रकाना जुन्या लॅटिन-१ चा असेल तर दोघींचीही प्रश्नचिन्हं होतात. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत मूळ सेटिंग तीच होती.

जाणकार मग रकाना 'युटीएफ८' करत. नाव पूर्ण, माल अपुरा! मायएसक्यूएलच्या या प्रकारात एका अक्षराला तीनच बाइट मिळतात. मराठी बसली, उर्दू बसली. आमचं बल्लारपूर ही एकेकाळची गोंड राजांची राजधानी. त्यांच्याच भाषेची लिपी बसली नाही. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली गोंडी लिपी युनिकोडमध्ये आली ती २०१७ साली, आणि तिचं प्रत्येक चिन्ह चार बाइटांचं. आपली मोडीही त्याच रांगेत. चार बाइटांचा 'युटीएफ८एमबी४' हा प्रकार २०१० पासून उपलब्ध होता. पण बहुतेकांनी तो घेतला तो मोबाइलमधल्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांसाठी. तेही चार बाइटांचेच. चेहऱ्यांच्या पुण्याईने गोंडीची सोय झाली, असं म्हणायचं!

नवी नोंदणी यंत्रणा करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: रकाना युटीएफ८एमबी४ ठेवा, लांबी अक्षरांत मोजा, आणि आडनाव-वडिलांचं नाव धरून ऐसपैस ठेवा. जुना रकाना बदलता येतो. पण त्यात आधीच प्रश्नचिन्ह होऊन बसलेलं नाव आपोआप परत येत नाही. मूळ कागद शोधून ते पुन्हा टाइप करावं लागतं.