माळवदाची घरे

१. माळवद : लाकडी तुळया-फळ्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात हजारो माणसे अशा घरांत गाडली गेली. माळवदाचे ओझे जीवघेणे होतेच, पण सारा दोष त्याच्या माथी मारणे बरोबर नाही. घात भिंतींनी केला. दोन-अडीच फूट रुंद भिंत भक्कम दिसे. प्रत्यक्षात चिखलात रचलेले दगडांचे दोन सुटे थर आणि मध्ये गोट्यांची भर. दोन्ही थरांना जखडणारा आरपार दगड नसे. हादऱ्यासरशी थर फाकले. कित्येक ठिकाणी लाकडी खांबांचा सांगाडा उभाच राहिला, माणसे मात्र भिंतींखाली सापडली. ठरावीक अंतरावर आरपार दगड आणि दारांच्या माथ्यावरून घरभर फिरवलेला काँक्रीटचा पट्टा असता, तर अनेक जीव वाचले असते.