भगव्या मेबॅकचा श्वास

दसऱ्याच्या मिरवणुकीत छत्रपती राजाराम महाराजांची भगवी मेबॅक निघाली की कोल्हापूरकरांची नजर तिच्या लांबलचक बॉनेटवर खिळते. त्या बॉनेटखालच्या इंजिनाची वंशावळ मात्र आकाशातली आहे.

विल्हेल्म मायबाख (कोल्हापूरच्या जिभेवर ‘मेबॅक’) यांनी १८९३ मध्ये इंधनाचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर घडवला. १९०९ मध्ये पुत्र कार्ल यांच्यासह त्यांनी झेपेलिन हवाई जहाजांच्या इंजिनांसाठी कंपनी काढली. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद खचते. म्हणून पहिल्या महायुद्धात कार्ल यांनी खास उंचीसाठी जास्त दाबाचे इंजिन बनवले. जमिनीलगत ते पूर्ण जोराने चालवणे वर्ज्य होते!

सुमारे ५७० मीटर उंचीवरच्या कोल्हापुरातही हवेचा दाब समुद्रसपाटीहून सहा-सात टक्क्यांनी कमीच. पुढच्या काळात वेगवान मोटारींच्या बॉनेटवर हवा घेणारी तोंडे आली. पण ताशी १०० किलोमीटर वेगालाही त्यांतून मिळणारा वाढीव दाब अर्धा टक्काही भरत नाही. खरा लाभ गार हवेचा: ३० अंशांची हवा इंजिनाशेजारी ६० अंशांपर्यंत तापली, तर नऊ टक्क्यांनी विरळ होते. शिवाय जागाही नेमकी हवी. बॉनेटच्या मध्यावरून वारा निसटतो, समोरच्या काचेच्या पायथ्याशी तुंबतो.

मिरवणुकीतली मेबॅक तर माणसाच्या पावलाने चालते. तिथे वाऱ्याचा हा नजराणा शून्यच.